मॉरिशस : आकडे खुले, प्रश्नांना दार नाही

डिसेंबर 2024 मध्ये मॉरिशसच्या नव्या सरकारने देशाच्या अर्थस्थितीवर अहवाल मांडला. 2023-24 ची वित्तीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 3.9 टक्के नव्हे, 5.7 टक्के होती, असे त्यात म्हटले होते. आधीच्या सरकारने आकडेच खोटे दाखवले, हा पंतप्रधान नवीन रामगुलाम यांचा आरोप. आरोपातला राजकीय भाग वगळला तरी एक गोष्ट उरते. जेमतेम साडेबारा लाख लोकवस्तीच्या देशात ही तफावत सत्तापालट होईपर्यंत लोकांसमोर आली नाही.

आणि हा देश आकडे खुले करण्यात नवखा नाही. 2017 मध्येच त्याने खुल्या डेटाचे राष्ट्रीय धोरण आखले, त्यासाठी सरकारी संकेतस्थळ उभारले. डेटा नुसता फुकट मिळून भागत नाही. तो संगणकाला वाचता येईल अशा तक्त्यांत हवा आणि कोणालाही पुन्हा वापरता यायला हवा. स्कॅन केलेल्या जाडजूड अहवालातून बेरीज कशी करणार? हे सारे तिथे ठाऊक आहे. पण कोणता तक्ता बाहेर ठेवायचा, हे मंत्रालयच ठरवते. जे ठेवले नाही ते मागण्याचा कायदा 2024 संपेपर्यंत तिथे नव्हता. महाराष्ट्राने असा कायदा 2002 मध्ये केला, केंद्राने 2005 मध्ये.

या उणिवेची झळ कुठे बसते? जुलै 2020 मध्ये ‘वाकाशिओ’ हे जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळांवर चढले. सुमारे बारा दिवसांनी तेल गळू लागले, तेव्हा लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून समुद्रात बांध घातले. मधल्या दिवसांत सरकारने काय केले, हा जाब मागायला ऑगस्टअखेर हजारो माणसे काळे कपडे घालून राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर उतरली. अर्ज करून विचारण्याची सोय नसली की रस्ताच उरतो.

दुसरे उदाहरण आपल्याशी थेट जोडलेले आहे. मॉरिशसच्याच, सुमारे तीनशे वस्तीच्या आगालेगा बेटांवर भारताच्या मदतीने बांधलेल्या धावपट्टीचे उद्घाटन फेब्रुवारी 2024 मध्ये झाले. तिच्यामागच्या 2015 च्या कराराचा मजकूर तोवर तिथल्या नागरिकांना वाचायला मिळाला नव्हता.

जुना कागद मात्र तिथे मिळतो. कोकणातून मॉरिशसला गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून गेलेल्यांच्या वंशजांना मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदवह्यांत पूर्वजांचे नाव आणि जहाज सापडू शकते. वसाहतीच्या काळातला कागद जपला गेला, म्हणून हे जमते. चालू काळातल्या कागदावर त्यांचा हक्क त्याहून मोठा आहे.

लहान देशात सगळे सगळ्यांना ओळखतात, कुजबुज लगेच पसरते. पण कुजबुजीच्या आधारावर न्यायालयात उभे राहता येत नाही. हातात कागद लागतो. रामगुलाम यांच्या आघाडीने माहिती अधिकार कायद्याचे वचन दिले होते. त्यात उत्तराची मुदत, स्वतंत्र आयुक्त आणि करारांची प्रत मिळण्याचा हक्क असायलाच हवा. आगालेगाच्या रहिवाशाला त्या कायद्याखाली अर्ज करता आला पाहिजे.