डीबगर स्वतंत्र डीबग माहितीच्या फाईल कशा शोधतो : एक विवेचन

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्यापनात प्रोग्राम लिहिण्यास जितके महत्त्व दिले जाते, तितके त्यातील चूक शोधण्याच्या पद्धतीस दिले जात नाही. चूक शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनास डीबगर असे म्हणतात. लिनक्स प्रणालीवर सर्वाधिक प्रचलित असलेला जीडीबी हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. चालू प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबविणे, चलांच्या किमती पाहणे, कोणत्या फंक्शनने कोणते फंक्शन बोलावले याचा माग काढणे ही त्याची प्रमुख कार्ये होत. तथापि अनेकदा डीबगर सुरू करताच ‘डीबगिंग सिंबॉल्स सापडले नाहीत’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि विद्यार्थी गोंधळतो. ही माहिती कोठे असते, डीबगर ती कोणत्या क्रमाने शोधतो आणि सापडलेली फाईल योग्य आहे हे कसे ठरवितो, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डीबग माहिती वेगळी का ठेवतात?

कंपायलर मूळ सोर्स कोडचे रूपांतर यंत्रभाषेत करतो. यंत्रभाषेत चलांची नावे नसतात आणि ओळींचे क्रमांकही नसतात. असतात त्या केवळ सूचना व स्मृतीतील पत्ते. कोणता पत्ता कोणत्या ओळीचा, कोणते चल कोठे साठविले आहे, त्याचा प्रकार कोणता, याची नोंद कंपायलर सांगितल्यास स्वतंत्रपणे तयार करतो. लिनक्सवर ही नोंद ड्वार्फ या स्वरूपात असते. तिचा आकार बहुधा मूळ प्रोग्रामच्या कित्येक पट होतो. प्रोग्राम चालण्यासाठी मात्र तिची आवश्यकता नसते. म्हणून वितरणापूर्वी ही माहिती काढून वेगळ्या फाईलमध्ये ठेवली जाते आणि वापरकर्त्यास केवळ लहान प्रोग्राम दिला जातो. डेबियनमध्ये २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून डीबग माहितीच्या पॅकेजेससाठी स्वतंत्र भांडारच आहे. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे.

एकदा दोन फाईल वेगळ्या झाल्या की त्यांची पुन्हा योग्य जोडी लावण्याचा प्रश्न निर्माण होतो. विद्यापीठीय परीक्षांचे काम केलेल्या प्राध्यापकांस हा प्रश्न परिचित आहे. उत्तरपत्रिकेवरील बैठक क्रमांक झाकून तिला सांकेतिक क्रमांक दिला जातो. तपासणीनंतर गुण योग्य विद्यार्थ्याच्या नावे लागतात ते या क्रमांकामुळेच. गठ्ठ्यातील स्थान किंवा हस्ताक्षर यांवर विसंबून गुण लावता येत नाहीत. डीबगरपुढील समस्या नेमकी हीच आहे.

पहिली पद्धत : डीबग लिंक

या पद्धतीत प्रोग्रामच्या फाईलमध्ये एक छोटा विभाग जोडला जातो. त्यात दोन गोष्टी असतात : डीबग फाईलचे नाव आणि त्या संपूर्ण फाईलवरून काढलेला ३२ बिटांचा सीआरसी हा पडताळणी अंक. नावासोबत फोल्डरचा मार्ग नसतो. त्यामुळे फाईल कोठे शोधावयाची हे डीबगरला स्वतःच्या नियमांनुसार ठरवावे लागते. फाईल सापडल्यावर डीबगर ती पूर्ण वाचतो, तिचा सीआरसी काढतो आणि तो नोंदविलेल्या अंकाशी जुळत नसल्यास तशी सूचना देऊन ती फाईल नाकारतो.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. शेकडो मेगाबाईटची फाईल केवळ पडताळणीसाठी संपूर्ण वाचावी लागते. शिवाय डीबग फाईलमध्ये नंतर किंचितही बदल केला, उदाहरणार्थ तिचा आकार कमी केला, तरी सीआरसी बदलतो आणि योग्य फाईलही नाकारली जाते.

दुसरी पद्धत : बिल्ड आयडी

या मर्यादांवरील उपाय २००७ मध्ये प्रत्यक्षात आला. त्या वर्षीच्या फेडोरा ८ या आवृत्तीत बिल्ड आयडीचा अवलंब झाला. प्रोग्राम तयार होताना लिंकर त्याच्या आशयावरून एक ओळखचिन्ह काढतो. ते सामान्यतः १६० बिटांचे, म्हणजे षोडशमान पद्धतीतील ४० अंकांचे असते. प्रोग्राम व डीबग फाईल वेगळ्या केल्या तरी हेच चिन्ह दोन्हींत राहते. पडताळणीसाठी दोन्हींतील एक छोटी नोंद वाचून तुलना करणे पुरेसे होते. फाईलचे नाव बदलले तरी चिन्ह बदलत नाही. प्रोग्रामचा आशय बदलला तर मात्र ते बदलते.

शोधाचा क्रम

समजा, ‘/यूएसआर/बिन’ या फोल्डरमध्ये ‘हिशोब’ नावाचा प्रोग्राम आहे. त्याची डीबग लिंक ‘हिशोब.डीबग’ अशी असून बिल्ड आयडी ‘३७९२०५…’ असा आहे. डीबग माहितीचे सामाईक फोल्डर ‘/यूएसआर/लिब/डीबग’ हे आहे. जीडीबी पुढील ठिकाणी क्रमाने शोध घेतो :

१) /यूएसआर/लिब/डीबग/.बिल्ड-आयडी/३७/९२०५….डीबग
२) /यूएसआर/बिन/हिशोब.डीबग
३) /यूएसआर/बिन/.डीबग/हिशोब.डीबग
४) /यूएसआर/लिब/डीबग/यूएसआर/बिन/हिशोब.डीबग

पहिल्या ठिकाणी बिल्ड आयडीचे आरंभीचे दोन अंक उपफोल्डरचे नाव होतात व उर्वरित अंक फाईलचे. उरलेली तीन ठिकाणे डीबग लिंकची आहेत : प्रोग्रामचे स्वतःचे फोल्डर, त्यातील ‘.डीबग’ हे उपफोल्डर आणि सामाईक फोल्डरमध्ये मूळ मार्गाची केलेली प्रतिकृती. सामाईक फोल्डर ‘सेट डीबग-फाईल-डिरेक्टरी’ या आज्ञेने बदलता येते व एकाहून अधिक फोल्डरही देता येतात.

स्थानिक शोध निष्फळ ठरल्यास आणखी एक मार्ग आहे. २०१९ मध्ये एल्फयुटिल्स या संचात डीबगइन्फोडी हा सर्व्हर समाविष्ट झाला आणि २०२० मधील जीडीबी १० पासून डीबगर त्याच्याकडे विचारणा करू शकतो. डीबगर बिल्ड आयडी पाठवितो; सर्व्हर त्या चिन्हाची डीबग फाईल आणि उपलब्ध असल्यास सोर्स कोडही पाठवितो. ज्या चिन्हाने जोडीची खात्री पटते, तेच येथे शोधाचा पत्ताही होते. मिळालेली फाईल संगणकावर साठविली जात असल्याने ती पुनःपुन्हा उतरवावी लागत नाही.

चुकीची जोडी लागल्यास

माहिती नसणे ही अडचण आहे; चुकीची माहिती असणे हा धोका आहे. डीबग फाईल प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीची असेल, तर डीबगर एका ओळीवर थांबल्याचे दाखवील आणि प्रत्यक्ष कार्य दुसऱ्याच ओळीचे चालू असेल. चलांच्या किमती अर्थहीन दिसतील आणि विद्यार्थी निर्दोष ओळ ‘दुरुस्त’ करीत बसेल. म्हणूनच नाव व ठिकाण तंतोतंत जुळूनही चिन्ह न जुळल्यास डीबगर फाईल नाकारतो. हा नकार म्हणजे डीबगरचा दोष नसून संरक्षण आहे.

अध्यापनातील उपयोजन

तेलगावसारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयात, जेथे इंटरनेटचा वेग मर्यादित असेल तेथे, प्रत्येक संगणकाने डीबग फाईल स्वतंत्रपणे उतरविणे व्यवहार्य ठरत नाही. आवश्यक डीबग पॅकेजेस एकाच संगणकावर ठेवून ते फोल्डर प्रयोगशाळेच्या अंतर्गत जाळ्यावर सामाईक करता येते. त्याच संगणकावर डीबगइन्फोडी सर्व्हरही चालविता येतो; तो आपल्याजवळ नसलेली फाईल बाहेरील सर्व्हरकडून एकदाच आणून सर्वांना पुरवू शकतो. बाहेरील सर्व्हरचा वापर करताना एक भान आवश्यक आहे : कोणता प्रोग्राम तपासला जात आहे हे त्या सर्व्हरला कळते. म्हणून विश्वासार्ह सर्व्हरचाच पत्ता द्यावा.

विद्यार्थ्यांस एक शिस्तही लावावी लागेल. प्रोग्राम दुसऱ्यास देताना त्याची डीबग फाईल त्याच वेळी जपून ठेवावी. सोर्स कोड, कंपायलर किंवा त्याचे पर्याय बदलल्यानंतर नव्याने तयार केलेली डीबग फाईल जुन्या प्रोग्रामशी जुळेलच असे नाही.

निष्कर्ष

स्वतंत्र डीबग फाईलचा शोध हा वरकरणी फोल्डर धुंडाळण्याचा प्रकार वाटतो. वस्तुतः तो ओळख पटविण्याचा प्रश्न आहे. डीबग लिंकने नावाला पडताळणी अंकाची जोड दिली. बिल्ड आयडीने नावाची गरजच संपविली. नाव व ठिकाण शोध सुकर करतात, प्रामाण्य मात्र आशयावरून काढलेल्या चिन्हासच असते. हे तत्त्व विद्यार्थ्यांस उमगल्यास ‘सिंबॉल्स सापडले नाहीत’ हा संदेश त्यांना निराश करणार नाही; पुढे कोठे पाहावयाचे हे त्यांना ठाऊक असेल.