झुबा : घडण, डाक आणि घट

कानातला दागिना हरवल्याची दोन गाणी महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाहीत असे होणार नाही. ‘सांगत्ये ऐका’ (1959) या चित्रपटात साताऱ्याच्या वाटेवर बुगडी हरवते आणि ‘मेरा साया’ (1966) मध्ये बरेलीला झुमका. बरेलीकरांनी तर 2020 साली एका चौकात भला थोरला झुमका उभारून आपले नुकसान भरून काढले! कवींना या प्रसंगात शृंगार दिसला. सोनाराला विचाराल तर तो एवढेच म्हणेल, की फिरकी ढिली असावी. आज आपण या दागिन्याकडे सोनाराच्या नजरेने पाहणार आहोत.

हिंदीतला झुमका तोच आपला झुबा. फळांच्या किंवा फुलांच्या घोसाला आपण झुबका म्हणतो, त्याच कुळातला हा शब्द. कानाच्या पाळीवर बसते ते फूल किंवा कुडी, तिच्याखाली कडी, कडीला टांगलेला घंटेसारखा पोकळ घुमट आणि घुमटाच्या काठाला लोंबणारे मोती किंवा सोन्याचे मणी, अशी त्याची रचना असते. दागिना जड असला तर त्याचा भार पाळीवर पडू नये म्हणून वेल नावाची साखळी कानावरून केसांत अडकवितात.

आपल्या जिल्ह्यात गंगाखेड तालुक्यातील धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे, जिंतूर तालुक्यात चारठाण्याची मंदिरे आहेत. पुन्हा तिकडे जाल तेव्हा त्या काळच्या स्त्रीमूर्तींच्या कानांकडे जरा निरखून पाहा. यादवकालीन शिल्पांत चक्राकार कुंडलेच पुष्कळ आढळतात. दगडात चक्र कोरणे सोपे. कडीवर मोकळे झुलणारे काही कोरायचे तर ते पहिल्याच धक्क्याला तुटावयाचे. तेव्हा मूर्तीच्या कानात झुबा दिसत नाही, एवढ्यावरून तो त्या काळी नव्हताच असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये.

आता घुमटाचा हिशेब पाहू. समजा, झुब्याचा घुमट म्हणजे 16 मिलिमीटर व्यासाचा अर्धगोल आहे. हा अर्धगोल 22 कॅरटच्या सोन्याचा भरीव ओतला, तर नुसत्या दोन घुमटांचे वजन सुमारे 38 ग्रॅम, म्हणजे सव्वातीन तोळे होईल. एवढा भार नुसत्या कानाच्या पाळीने रोज कसा वाहावा? तेच घुमट 0.2 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे केले तर जोडीला लागते जेमतेम तीन मासे सोने. इतका पातळ पत्रा सपाट असताना बोटाने वाकतो. त्यालाच गोलाई दिली की तो ताठ उभा राहतो. घुमटाची उघडी कड तेवढी कमकुवत राहते. म्हणून घागरीला जसा जाड काठ, तशी तिथे तार फिरवितात. नक्षी वाटते ती बहुतेक ठिकाणी अशी मजबुतीच असते.

पत्र्याला ही गोलाई देण्यासाठी पितळी ठोकळा असतो. त्यात लहानमोठ्या वाट्या खोदलेल्या असतात. सोन्याची चकती वाटीवर ठेवून गोल डोक्याच्या खिळ्याने हलके हलके ठोकावयाची, मोठ्या वाटीतून लहान वाटीत न्यावयाची. ठोकता ठोकता सोने कडक होते आणि चिरू लागते. म्हणून ते पुन्हा पुन्हा तापवून मऊ करावे लागते. घुमटावरचे रवे त्याहून गमतीचे. बारीक तारेचे तुकडे कोळशाच्या भुकटीत ठेवून तापविले, की वितळताना प्रत्येक तुकडा आपोआप गोल होतो, पावसाचा थेंब गोल होतो त्याच न्यायाने. हे रवे जागच्या जागी धरून ठेवायला गुंज उगाळून त्यात टाकणखार मिसळण्याची चाल आपल्या देशात आहे. ज्या गुंजेने सोने तोलावयाचे (आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा) तिनेच ते चिकटवावयाचे! गुंजेचे बी मात्र विषारी असते, हे घरातल्या मुलांना सांगून ठेवावे.

आता खऱ्या कसोटीची गोष्ट, म्हणजे डाक. गंगाखेडच्या जनाबाईंचे समकालीन नरहरी सोनार यांनी आपल्या अभंगात बागेसरीला आणि मुशीला स्थान दिले. त्या बागेसरीच्या विस्तवावर फुंकणीने ज्योत वळवून सोनार सांधा जोडतो. शुद्ध सोने 1064 अंश सेल्सिअसला वितळते. सांध्यातील धातू दागिन्याच्या आधी वितळला पाहिजे, नाही तर जोडायला गेलेला पत्राच पाणी व्हावयाचा. म्हणून डाकेत चांदी-तांबे अधिक घालतात. शिवाय सांधे एकाच वेळी जोडून होत नाहीत. पहिल्या सांध्याला उशिरा वितळणारी डाक, पुढच्यांना क्रमाने लवकर वितळणारी, म्हणजे नवा सांधा जोडताना जुना उघडत नाही. बांगडीला दोन-चार सांधे; झुब्याला काठ, तार, कडी आणि असंख्य रवे.

याचा परिणाम असा. एक तोळ्याच्या झुब्यांत दीड मासा डाक आहे आणि त्या डाकेत सोने निम्मे आहे, असे धरा. बाकीचे साडेदहा मासे अगदी चोख 22 कॅरटचे. तरी जोड वितळविली की सोने भरते पावणेएकवीस कॅरट. गिऱ्हाईक म्हणते, सोनाराने फसविले. फसविणारे नसतात असे मी म्हणत नाही. पण ही घट सोनाराच्या हातातली नसून झुब्याच्या घडणीतली आहे, हे दोघांनीही एकमेकांना क्वचितच सांगितले. ‘सोनार आईच्या दागिन्यातूनही चोरतो’ ही म्हण पुष्कळशी या न बोललेल्या हिशेबातून जन्मली असावी, असे मला वाटते.

पुढे या घटीवर एक उपाय निघाला, कॅडमियमची डाक. बाजारात ‘केडीएम’ म्हणून मिरविली ती हीच. कॅडमियम 321 अंशांना वितळते, म्हणून डाकेत ते थोडेच पुरते. आणि 767 अंशांना उकळते, म्हणून सांधा जुळताना बरेचसे उडून जाते. गिऱ्हाइकाला जवळजवळ पुरते 22 कॅरट मिळू लागले. पण उडून जाते कुठे? फुंकणीवर वाकलेल्या कारागिराच्या छातीत. हा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. आपण शुद्धतेचा आग्रह धरला आणि तिची किंमत बंद खोलीत बसलेल्या माणसाने भरली. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने नव्या दागिन्यांवर 14 कॅरटची मर्यादा घातली, तेव्हा कारागिरांचा रोजगार बुडाला आणि त्यांचे हाल सर्वांना दिसले; ही मर्यादा 1966 मध्ये उठली. कॅडमियमच्या धुराने झालेले हाल मात्र दिसण्यासारखे नव्हते. भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क देण्यास 2000 साली सुरुवात केली, आणि जून 2021 पासून अनेक जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला. त्याच्या नियमांत कॅडमियमच्या डाकेला जागा नाही.

घरात आजीचा जोड असेल तर घुमट उलटा करून आतून पाहा. बाहेरून झिलई असते, आत हाताचे काम दिसते : ठोक्यांचे बारीक खड्डे, सांध्याशी किंचित फिकट झालेला सोन्याचा रंग. मोडीला घातलात तर वजन आणि कस यांचे पैसे मिळतील. घडणावळीचे काही मिळणार नाही आणि तो घुमट मुशीत जाईल. दुरुस्त करावयाचा असेल तर सोनाराला आधी जोड जुना असल्याचे सांगा. त्यातील डाक कोणती हे त्याला ठाऊक नसते, आणि एक कडी जोडायला ज्योत लावली की दहा रवे गळून पडण्याचा संभव असतो. मोती आधी उतरवून घ्या, कारण ज्योतीपुढे मोती टिकत नाही. वरचे फूल पोकळ असून आत लाख भरलेली असेल, तर तीही तापताच वितळून बाहेर येते. आणि जाता जाता फिरकीचे आटे झिजले आहेत का, तेही त्याच्याकडून पाहून घ्या.