चिकलठाण्याहून उड्डाण, घरच्या टेबलावरून

शहराचे नाव बदलले, पाट्या बदलल्या. पण विमानोड्डाणाच्या नकाशावर चिकलठाणा विमानतळ आजही ‘व्हीएएयू’ या चार अक्षरांनीच ओळखला जातो. मुंबईची चार अक्षरे ‘व्हीएबीबी’. ही अक्षरे केवळ खऱ्या वैमानिकांच्या कागदपत्रांत आढळतात असे नाही. घरातील संगणकासमोर बसून तीच अक्षरे भरणारे, हवामान पाहून इंधन ठरविणारे आणि मग पडद्यावरील विमान घेऊन निघणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांतील पुष्कळजण एखाद्या ‘व्हर्च्युअल एअरलाइन’चे, म्हणजे आभासी विमान कंपनीचे, वैमानिक म्हणून नोंदलेले असतात.

अशा कंपनीच्या मालकीचे एकही विमान नसते. तिकीट विकले जात नाही, पगार कोणालाही मिळत नाही. तरीही तिला वेळापत्रक असते, ताफा असतो, प्रशिक्षणार्थीपासून कॅप्टनपर्यंत हुद्दे असतात. जिथे आवक नाही तिथे हिशेब कशाचा, असे व्यापारी घरातील वडीलधारी मंडळी सहज विचारतील. गंमत अशी की या उद्योगात हिशेबच सर्वाधिक काटेकोर असतो. विमान किती वाजता हलले, किती इंधन जळाले, दहा हजार फुटांच्या खाली वेग २५० नॉटच्या आत राहिला की नाही, याची नोंद एक छोटी संगणकप्रणाली आपोआप करीत जाते. चाके जमिनीला टेकली त्या क्षणी विमान मिनिटाला किती फूट या गतीने खाली येत होते, तेही लिहिले जाते. हा आकडा दीडशे-दोनशे असला तर उतरणे मऊ झाले. सहाशेच्या पुढे गेला तर कित्येक कंपन्या अहवाल नामंजूर करतात. मंजूर झालेले तास खात्यावर जमा होतात आणि त्यांवरच पुढचा हुद्दा मिळतो. खाडाखोड करण्यास वाव नाही. रोजमेळ लिहिणाऱ्या घरांना ही शिस्त परकी वाटू नये.

विमान आणि व्यापारी घराणे यांचे नातेही तसे जुनेच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला विमाने बनविण्याचा कारखाना काढला, तेव्हा त्यांनाही हा उद्योग नवखाच होता. जमिनीवर बसून उडण्याची कल्पना त्याहूनही जुनी. अमेरिकेतील एडविन लिंक हा ऑर्गन बनविणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. वाद्यात हवा भरणारे भाते वापरून त्याने १९२९ च्या सुमारास डुलणारे, कलणारे एक खोटे विमान तयार केले. प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांचे. पुढे १९३४ मध्ये टपाल वाहण्याचे काम अंगावर पडलेल्या अमेरिकन लष्कराचे वैमानिक खराब हवामानात काही आठवड्यांतच एकामागून एक मृत्युमुखी पडले, आणि लष्कराने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. जत्रेतील खेळ तेव्हा गंभीर झाला. घरातील संगणकावर हे आणले ते ब्रूस आर्टविक यांनी. त्यांच्याच कामातून १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ निघाला. १८ ऑगस्ट २०२० रोजी आलेल्या त्याच्या आवृत्तीत उपग्रहचित्रांच्या आधारे सारी पृथ्वी मांडलेली आहे. चिकलठाण्याहून वर चढल्यावर दौलताबादचा डोंगर आणि दक्षिणेला जायकवाडीचे पाणी ओळखता येते.

पण नजाऱ्यासाठी उडणाऱ्याचे मन थोड्याच दिवसांत विटते. टिकतो तो उड्डाणापूर्वीच्या आकडेमोडीत रमणारा. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकला की हवा विरळ होते आणि इंजिनाच्या व पंखांच्या दृष्टीने विमान जणू पाच हजार फुटांवरून निघते. धावपट्टी तेवढीच, वजन तेवढेच, पण धाव लांबते. म्हणून निघण्यापूर्वी दोन वेग ठरवावे लागतात. पहिल्या वेगापर्यंत काही बिघडले तर थांबता येते. तो ओलांडला की थांबायचे नाही. दुसऱ्या वेगाला नाक उचलायचे, आधी नाही आणि उशिराही नाही.

हे आकडे या शहराला केवळ पुस्तकातून ठाऊक नाहीत. २६ एप्रिल १९९३ च्या दुपारी इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे बोइंग ७३७ विमान मुंबईकडे निघाले. धावपट्टी संपते तिथून बीड रस्ता जातो. त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक त्याला धडकले; पुढे सुमारे तीन किलोमीटरवर विमान उच्चदाबाच्या विजेच्या तारांत अडकून कोसळले. आत ११८ जण होते. ५५ दगावले, ६३ वाचले. चौकशीत ठपका दोन गोष्टींवर आला: नाक उचलण्यास झालेला उशीर व चुकीची पद्धत, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहने न रोखणे.

आजची धावपट्टी सुमारे ९,३०० फुटांची आहे. घरच्या पडद्यावर ती उष्ण दुपार, तो भार पुन्हा मांडता येतो. नाक चार सेकंद उशिरा उचलले तर काय होते ते पाहता येते आणि चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून निघता येते. खऱ्या वैमानिकाला यांत्रिक कक्षात बसवून संकटांचा सराव देतात तो याच कारणासाठी. मात्र पडद्यावर ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही, त्याच्या हाताचा स्थिरपणा हा खऱ्या प्रसंगातील स्थिरपणा नव्हे. कसलेले छंदी हे अंतर जाणून असतात. नवखे मात्र चटकन विसरतात.

एकट्याने उडण्याचा कंटाळा आला की पुढची पायरी असते ‘व्हॅटसिम’. २००१ पासून चालणाऱ्या या जाळ्यात आकाश सर्वांचे एकच असते, आणि वाहतूक नियंत्रक म्हणूनही खरी माणसेच बसतात, तीही विनामोबदला. नवागताला आधी छोटी परीक्षा द्यावी लागते. नियंत्रक होऊ इच्छिणाऱ्याचे प्रशिक्षण तर काही महिने चालते. बोलण्याची भाषा ठरीव, मोजकी. सांगितलेली उंची व दिशा शब्दशः परत म्हणून दाखवायची, म्हणजे ऐकण्यातील चूक तिथेच पकडली जाते. विमान-अपहरणाचा खेळ खेळण्यास तिथे सक्त मनाई आहे. काही गोष्टींची नक्कलसुद्धा करायची नाही, असे या हौशी मंडळींनी स्वतःहून ठरविले, हे नोंद घेण्याजोगे आहे.

पालकांचा प्रश्न बहुधा वेगळा असतो: यातून मुलगा किंवा मुलगी वैमानिक होईल का? घरी उडविलेल्या तासांपैकी एकही तास परवान्यासाठी धरला जात नाही. व्यावसायिक परवान्यासाठी भारतात किमान २०० तासांचा उड्डाणानुभव लागतो आणि त्याचा खर्च मोठा असतो. हौसेचे तास उपयोगी पडतात ते त्याच्या आधी. वर्षभर हवामानाचे अहवाल, इंधनाचे कोष्टक आणि याद्या यांना न कंटाळणाऱ्या मुलाचा कल निदान घरच्यांना कळतो. महिन्याभरात कंटाळणाऱ्याचाही कळतो, आणि तो वेळीच कळणे फार स्वस्त पडते. सुरुवातीला महागडी सामग्री घेण्याची गरज नाही. ‘फ्लाइटगिअर’ ही प्रणाली विनामूल्य मिळते, आणि बहुतेक आभासी कंपन्या सभासदत्वाचे पैसे घेत नाहीत.

चिकलठाणा ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे १५० सागरी मैल. पाऊण तासाचा प्रवास. एअरबस ए-३२० ला त्यासाठी दोन टनांच्या आसपास इंधन पुरते. शिवाय पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते आणि वर अर्ध्या तासाचे राखीव. संगणकाला मात्र राखीव वीज लागते. इगतपुरीच्या वर असताना घरची वीज गेली आणि इन्व्हर्टर नसला, तर उड्डाणाची नोंद अनेकदा अपुरी राहते व तास जमा होत नाहीत. शिवाय काही कंपन्यांचा नियम असा की विमान जिथे सोडले तिथूनच पुढचे उड्डाण करायचे. आज रात्री मुंबईला उतरलेल्या वैमानिकाला उद्या दुकानावरून घरी परतल्यावर मुंबईहूनच निघावे लागते.