बुजऱ्या घोड्यासाठी ‘अबोल’ पेहराव

विदर्भ म्हटला की रणरणता उन्हाळा आठवतो. परंतु डिसेंबर-जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील पहाट चांगलीच बोचरी असते. पारा अनेकदा १० अंशांच्या आसपास उतरतो. अशा वेळी रपेटीला निघणारा स्वार साहजिकच जाडजूड जॅकेट चढवतो. घोडा बुजरा असेल, तर मात्र कापड ऊब किती देते याइतकेच ते आवाज किती करते, हे पाहणेही अगत्याचे ठरते.

घोडा हा मूळचा हिंस्र पशूंचे भक्ष्य ठरणारा प्राणी. संकटाची चाहूल लागताच पळत सुटणे, हाच त्याचा बचाव. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. घोड्याला सुमारे ३३ हजारांपर्यंतचा. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने पाठीवरील स्वाराची हालचालही त्याच्या नजरेच्या टप्प्यात येते. त्यामुळे नायलॉनच्या विंडचीटरची सळसळ, वाऱ्याने फडफडणारी त्याची कड किंवा व्हेल्क्रोची पट्टी उघडतानाचा ‘चर्र’ आवाज त्याला बिचकवण्यास पुरेसा होतो. शिवाय कोरड्या हवेत कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांवर स्थितिक विद्युत साचते आणि घोड्याला हात लावताच ठिणगीचा चटका बसू शकतो.

यावरील उपाय वर्धेकरांना परका नाही. १९३८ साली महात्मा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेले मगन संग्रहालय याच शहरात आहे आणि खादी ही या भूमीची ओळख आहे. जाड सुती खादी, फलालीन आणि लोकर ही कापडे मऊ असल्याने फारशी सळसळत नाहीत. आत सुती बनियन, त्यावर खादीचा जाड सदरा आणि वरून अंगाबरोबर बसणारा लोकरी स्वेटर, असे थर पुरेसे होतात. मफलरची टोके आत खोचावीत, खिशातील किल्ल्या व सुटे पैसे काढून ठेवावेत. हातमोजे लगामावरील पकड ढिली करणारे नसावेत. शिरस्त्राण आणि टाचेचे बूट तर हवेतच.

दुपारी ऊन तापते आणि स्वेटर नकोसा होतो. तो खोगिरावर बसून काढणे धोक्याचे, कारण डोक्यावरून कपडा काढताना दोन्ही हात लगामावरून सुटतात आणि डोळे झाकले जातात. त्यासाठी खाली उतरावे. नवा कपडा प्रथम जमिनीवर उभे राहून घोड्याला हुंगू द्यावा, त्याच्याजवळ हळूहळू हलवावा. तो कान सैल सोडून शांत उभा राहिला, तरच स्वार व्हावे.

अर्थात, पेहराव बदलल्याने भित्रा घोडा धीट होत नाही. त्याच्या बुजण्यामागे टोचणारे खोगीर, दुखरा दात किंवा अधू दृष्टीही असू शकते. तेव्हा पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेणेच इष्ट.