जीपची गतिप्रेषण यंत्रणा व तिची घरगुती दुरुस्ती

जीप या चारही चाकांना चालना देणाऱ्या हलक्या मोटारगाडीत एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या क्लच, गिअर बॉक्स, ट्रान्स्फर केस, प्रॉपेलर दंड, डिफरन्शियल व आसदंड या भागांच्या समूहास गतिप्रेषण यंत्रणा म्हणतात. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या महायुद्धकालीन विलीज एमबी व तिची जुळी फोर्ड जीपीडब्ल्यू या अमेरिकी जीपांच्या यंत्रणेचा आणि साध्या हत्यारांनी घरी करता येण्याजोग्या दुरुस्तीचा विचार केला आहे. अमेरिकी सैन्याच्या मागणीवरून बॅन्टम कंपनीने १९४० मध्ये या गाडीचा पहिला नमुना तयार केला. १९४१ मध्ये विलीज कंपनीचा आराखडा प्रमाण मानण्यात आला आणि युद्धसमाप्तीपर्यंत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांतून सु. ६ लाख ४० हजार जीपा बाहेर पडल्या. सैन्याबरोबर भारतात आलेल्या जीपांपैकी पुष्कळशा युद्धानंतर नागरिकांच्या हाती आल्या. १९४७ नंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू केल्याने या गाडीची ओळख येथे अधिक पसरली व तिचे काम जाणणाऱ्या कारागिरांची एक पिढीच तयार झाली. हौशी मालकांनी जतन केलेल्या अशा गाड्या आजही चालू स्थितीत आढळतात.

गतीचा मार्ग : जीपच्या २,१९९ घ. सेंमी. क्षमतेच्या चार सिलिंडरी एंजिनाचे महत्तम परिबल सु. १४२ न्यूटन-मीटर असते. क्लचमधून ते टी-८४ या तीन गतींच्या गिअर बॉक्समध्ये येते. याच्या दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला दंतचक्रांचे वेग आपोआप जुळविणारी काशाची कडी असतात, पहिल्या गिअरला ती नसतात. गिअर बॉक्सच्या मागे स्पायसर-१८ या नावाची ट्रान्स्फर केस बसविलेली असते. हिचे दोन दांडे असून एकाने पुढील आस जोडता वा सोडता येतो, तर दुसऱ्याने वेग सु. निम्म्यावर (१·९७ : १) आणता येतो. पुढील आस जोडल्याशिवाय दुसरा दांडा खालच्या गतीत जाऊ नये, अशी अडकण आत ठेवलेली आहे. तिचे कारण आकड्यांवरून दिसते. पहिल्या गिअरचे गुणोत्तर २·६६५, ट्रान्स्फर केसचे १·९७ व आसातील दंतचक्रांचे ४·८८ यांचा गुणाकार सु. २५·६ होतो, म्हणजे घर्षणाने होणारी हानी सोडल्यास आसांवर सु. ३,६०० न्यूटन-मीटर इतके परिबल येते. ते एकट्या मागील आसावर पडले, तर आसदंड पिळून तुटण्याचा संभव असतो. [⟶ मोटारगाडी]

यंत्रणेत अडकणारा पीळ : पुढील व मागील आसांच्या दरम्यान या गाडीत डिफरन्शियल नाही. वळणावर पुढील चाकांचा मार्ग मागील चाकांच्या मार्गापेक्षा लांब असतो. तरीही पुढील आस जोडलेला असताना दोन्ही प्रॉपेलर दंडांना सारख्याच वेगाने फिरावे लागते. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. डांबरी रस्त्यावर ती सहजी घसरत नाहीत. तेव्हा फरक दंडांमध्ये पिळाच्या रूपाने साठत जातो, दांडा हलेनासा होतो आणि गाडी ब्रेक लागल्यासारखी जड चालते. हा गिअर बॉक्सचा दोष समजून ती उघडल्याची उदाहरणे विरळ नाहीत. वास्तविक गाडी सरळ रेषेत काही अंतर मागे घेतल्यास पीळ बहुधा सुटतो. एखादे चाक जॅकने उचलूनही तो सोडविता येतो. परंतु सुटताना ते चाक एकाएकी फिरते, म्हणून त्याजवळ हात ठेवू नये.

टायर विषम झिजलेले असले, तर हाच दोष सरळ रस्त्यावरही उद्भवतो. पुढील टायरांचा व्यास मागील टायरांपेक्षा केवळ २ सेंमी.ने कमी असेल, तर १ किमी. अंतरात पुढील चाकांचे सु. १३ फेरे अधिक होतात. म्हणून कोणताही भाग उघडण्यापूर्वी चारही टायरांचा घेर फितीने मोजणे हे सर्वांत स्वस्त निदान होय.

कामापूर्वीची काळजी : या गाडीचा हातब्रेक चाकांवर चालत नाही. ट्रान्स्फर केसच्या मागील टोकाशी एक ड्रम असून हातब्रेकचा पट्टा त्यावर आवळला जातो. त्यामुळे त्याची पकड मागील प्रॉपेलर दंड व डिफरन्शियल यांच्या मार्गेच चाकांपर्यंत पोहोचते. मागील प्रॉपेलर दंड काढताच हातब्रेक ओढलेला असूनही मागील चाके मोकळी होतात. मागील एकच चाक उचलले तरीही धोका असतो. कारण जमिनीवरील चाक एका दिशेने व उचललेले चाक उलट दिशेने फिरून डिफरन्शियल गाडीला घरंगळू देते. गाडी गिअरमध्ये ठेवण्याचा उपायही याच मार्गावर अवलंबून असल्याने तेवढाच लंगडा ठरतो. इतर मोटारगाड्यांची सवय असलेला मनुष्य नेमका येथेच फसतो व गाडीखाली सापडतो. यासाठी गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करून, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि सांगाडा लोखंडी घोड्यांवर टेकवावा. केवळ जॅकवर किंवा विटांच्या थरावर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. वीट भाराखाली पूर्वसूचना न देता फुटते.

गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. ९/१६ इंच म्हणजे १४·२९ मिमी.; त्यावर १४ चा पाना बसत नाही व १५ चा बसून घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. ते ठाऊक नसल्याने सोडविण्याच्या खटपटीत नट अधिकच आवळून चाकाचे खुंट तोडले जातात. क्लच व ब्रेक यांच्या जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने त्यांची धूळ हवेने न उडविता ओल्या फडक्याने पुसून काढावी.

दोषनिदान : गतिप्रेषणातील आवाज धातूच्या दंडांतून व सांगाड्यातून दूरवर पोहोचतो, त्यामुळे जेथे तो ऐकू येतो तेथेच दोष असतो, असे नाही. आवाज केव्हा बदलतो हे त्याच्या जागेपेक्षा अधिक सांगून जाते. क्लच सोडताना किंवा वेगवर्धक दाबताना ठोका बसत असेल, तर मार्गात कोठेतरी ढिलेपणा आहे. गिअर बदलला तरी न बदलणारी व गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी घरघर चाकाच्या किंवा आसाच्या बेअरिंगची असते. वेगवर्धक दाबताना एक व सोडताना दुसरा असा सूर लागत असेल, तर क्राउन व पिनियन या आसातील दंतचक्रांचा संशय घ्यावा. वळणावर, पुढील आस जोडलेला असतानाच, कटकट होत असल्यास पुढील चाकांजवळील सांधे झिजलेले असतात. ढिलेपणाची जागा हातानेच शोधता येते. चाके अडवून व गिअर टाकून प्रॉपेलर दंड पुढेमागे फिरविला असता सांध्याची एक बाजू हलते व दुसरी हलत नाही, असे आढळले तर झीज त्या सांध्यातच असते.

प्रॉपेलर दंडाचे सांधे : प्रत्येक दंडाच्या दोन टोकांना क्रॉस असलेले सार्वत्रिक सांधे असतात. असा एक सांधा कोनात फिरत असताना बाहेर पडणारी गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते व दोनदा घटते. दुसऱ्या टोकाचा सांधा ही चढउतार उलटी करून रद्द करतो. मात्र त्यासाठी दंडाच्या दोन्ही टोकांचे दुबेळके एकाच पातळीत असावे लागतात. दंडाच्या मध्ये सरकता, खाचांचा जोड असल्याने तो चुकीच्या खाचेत बसविणे सहज शक्य असते आणि मग सर्व भाग नवे घालूनही गाडी हादरत राहते. यासाठी दंड सुटा करण्यापूर्वी जोडाच्या दोन्ही भागांवर छिन्नीने किंवा रंगाने खूण करावी.

सांधा बदलणे हे घरी करण्यास उत्तम काम आहे. यू-बोल्ट सोडवून दंड खाली घ्यावा, कपांवरील अडकण कडी काढावीत आणि शेगड्यात धरून, एका बाजूस लहान व दुसऱ्या बाजूस मोठी नळी लावून कप दाबत बाहेर काढावेत. नवा क्रॉस घालताना कपातील सुईसारखे बारीक रूळ ग्रीसने चिकटवून उभे ठेवावे लागतात. एखादा रूळ आडवा पडला तर कप पूर्ण आत जात नाही व कडे बसत नाही. अशा वेळी हातोडी न वापरता कप पुन्हा बाहेर काढून पाहणे हाच उपाय होय.

पुढील आस : पुढील चाके गती घेतात व वळतातही, त्यामुळे त्यांच्या सांध्यांना मोठ्या कोनात काम करावे लागते. साधा एकेरी सांधा २५° कोनात वापरला, तर चाकाची गती सरासरीच्या सु. ०·९१ ते १·१० पट अशी हेलकावत राहील व सुकाणू हातात थरथरेल. हे टाळण्यासाठी समगती सांधे वापरण्यात आले. निकड मोठी असल्याने ट्रॅक्टा, बेंडिक्स, स्पायसर व रझेपा असे चार प्रकार निरनिराळ्या गाड्यांत बसविले गेले. म्हणून सुटा भाग आणण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे उघडून पाहिल्यावाचून कळत नाही. दोन्ही बाजूंना एकच प्रकार असेल, हेही जुन्या गाडीत गृहीत धरू नये. झिजलेल्या खोबणींत नव्या गोळ्या घालून सांधा सुधारत नाही, तो पूर्ण बदलावा लागतो.

सांध्याभोवतीच्या गोल कवचात ग्रीस असते. आसनळीतील ऑइल सील निकामी झाली की डिफरन्शियलचे तेल कवचात उतरून ग्रीस पातळ करते आणि बाहेर येऊन ब्रेकच्या अस्तरांवर पसरते. गाडी ब्रेक लावताना एका बाजूस ओढू लागते, अस्तरे बदलली जातात, पण सील तशीच राहते व थोड्याच दिवसांत तक्रार परत येते. या कवचाच्या वर व खाली निमुळत्या रुळांची बेअरिंगे असून त्यांचा ताण पातळ पत्र्यांच्या म्हणजे शिमांच्या साहाय्याने ठरविलेला असतो. वरचे व खालचे शिम वेगवेगळे बांधून ठेवावेत; ते मिसळल्यास मूळ जुळणी हरवते.

गिअर बॉक्स व ट्रान्स्फर केस : हे दोन्ही भाग खालची आडवी पट्टी सोडवून एकत्र उतरवावे लागतात. त्यांचे वजन एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने येथे मदतनीस अवश्य हवा. उतरविण्यापूर्वी दोन्हींतील तेलाची पातळी पाहणे उद्बोधक ठरते. दोन पेट्यांमधील सील झिजल्यावर गिअर बॉक्सचे तेल ट्रान्स्फर केसमध्ये जाते. परिणामी ट्रान्स्फर केस भरून गळू लागते व तिलाच दोष दिला जातो, तर कोरड्या पडलेल्या गिअर बॉक्सची बेअरिंगे मुकाट्याने झिजत राहतात. तेल एसएई ९० जाडीचे वापरावे. आधुनिक जीएल-५ प्रतीच्या काही तेलांतील गंधक-फॉस्फरसयुक्त पदार्थ काशाची कडी खातात. म्हणून या पेटीसाठी जीएल-४ प्रत सुरक्षित असते. दुसरा गिअर आपोआप सुटत असल्यास प्रथम पेटीचे बोल्ट, रबरी बैठका व दांड्याखालील स्प्रिंग-गोळी पाहावी, दंतचक्रे त्यानंतर.

ट्रान्स्फर केसमधील सर्वांत नाजूक भाग म्हणजे मधल्या दंतचक्राचा दंड. सुईसारखे रूळ प्रत्यक्ष या दंडावरच फिरतात, त्यामुळे त्यावर चरे पडतात व गुणगुण सुरू होते. युद्धकालीन गाड्यांत हा दंड अवघा १९ मिमी. व्यासाचा होता; पुढे तो २८·६ मिमी. व नंतर ३१·८ मिमी. करण्यात आला, यावरून मूळ रचनेतील उणीव निर्मात्यांनाही मान्य होती असे दिसते. नवा दंड घेताना जुना बरोबर नेऊन मोजावा. दंड बदलताना रूळ व दोन्ही बाजूंच्या चकत्याही बदलाव्यात.

मागील आस : युद्धकालीन जीपचा मागील आस पूर्ण तरता असतो, म्हणजे गाडीचा भार आसनळीवरील बेअरिंगे घेतात व आसदंड केवळ फिरविण्याचे काम करतो. त्यामुळे तुटलेला आसदंड चाक न काढता टोकाचे बोल्ट सोडवून ओढून घेता येतो. नंतरच्या बहुतेक नागरी जीपांत अर्धतरता आस आला. त्यात भार आसदंडावरच असून निमुळत्या टोकावर बसलेला हब काढण्यास भक्कम पुलर लागतो.

डिफरन्शियलची दुरुस्ती मात्र घरी करण्याजोगी नाही. क्राउन व पिनियन कारखान्यात जोडीने घासलेले असतात. त्यांच्या दातांतील मोकळीक ०·१३ ते ०·१८ मिमी. ठेवावी लागते व ती शिम बदलून, डायल गेजने मोजून आणि दातांना रंग लावून उमटणारा ठसा पाहून साधली जाते. बेअरिंगांवर योग्य ताण राहावा यासाठी आसपेटी विशेष चौकटीने किंचित ताणून आतील जुळणी काढावी व बसवावी लागते. पहारीने उचकटल्यास पेटी कायमची वाकडी होते. नुसत्या सुरावरून ही जोडी बदलण्याची घाई करू नये. दात शाबूत, तेल स्वच्छ व त्यात धातूचे कण नसतील, तर वर्षानुवर्षे एकमेकांत रुळलेली आवाजी जोडी चुकीच्या मोकळिकीने बसविलेल्या नव्या जोडीपेक्षा अधिक काळ टिकते. पिनियनच्या टोकाशी होणारी गळती थांबविण्यासाठी सील बदलताना मधला नट किती फेऱ्यांनी सुटला ते मोजावे व तो पूर्वीच्या खुणेवरच आणावा.