नांदेडचे दखनी शीख

मुंबईच्या कोटांत मेडोज स्ट्रीटवर आर्मेनियन लोकांनीं 1796 सालीं बांधलेलें प्रार्थनामंदिर आहे. बांधणारांचा समाज मात्र त्या शहरांतून जवळजवळ नाहींसा झाला. परमुलखांत देवालय टिकलें तरी माणसें टिकतातच असें नाहीं. नांदेडास दोन्ही टिकलीं, म्हणून त्या वसाहतीचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

गुरु गोविंदसिंग बहादुरशहाच्या छावणीबरोबर 1708 सालीं गोदातीरीं आले व त्याच वर्षीं ऑक्टोबरांत येथेंच निवर्तले. तथापि आजच्या दखनी शिखांचें मूळ केवळ त्यांच्या परिवारांत शोधणें आमच्या मतें पुरेसें नाहीं. या वसाहतीस खरें बळ आलें तें सुमारें सव्वाशें वर्षांनंतर. निजामाचा पेशकार राजा चंदुलाल हा स्वतः नानकपंथी. त्याच्याशीं झालेल्या करारानें महाराजा रणजितसिंगांनीं 1832 च्या सुमारास शीख पथकें हैदराबाद राज्यांत धाडलीं. हीच 'लाहोरी फौज'. सचखंड हुजूरसाहिबाची वास्तूही त्यांच्याच साह्यानें 1832 ते 1837 या काळांत उभी राहिली. शिपाई चाकरीस म्हणून आले, आणि येथलेच झाले.

पुढें अनेक घरांतून पंजाबी मागें पडून दखनी हिंदी व मराठी आल्या. एवढ्यावरून हे लोक आपलें मूळ विसरले असें कोणी म्हणेल, तर तें यथार्थ नव्हे. पंजाबांत गुरुद्वारासुधारणेची चळवळ होऊन 1925 सालीं कायदा झाला व पूजाविधींतही पालट पडला. नांदेड निजामाच्या राज्यांत असल्यामुळें त्या कायद्याच्या बाहेर राहिलें. आदिग्रंथाबरोबर दशमग्रंथाची स्थापना, सायंकाळची आरती, शस्त्रपूजा, गोदावरीचें पाणी नित्य घागरीनें आणणें, हे प्रकार येथें अद्याप चालतात. पंजाबच्या यात्रेकरूस त्यांचें नवल वाटतें. पण ते सारेच दक्षिणेचे संस्कार होत असें समजूं नये. मूळ प्रांतीं जें लोपलें, त्यांतलें बरेंचसें या दूरच्या ठाण्यांत उरलें आहे.

1956 च्या हैदराबादी कायद्यानें गुरुद्वाराचा कारभार स्वतंत्र मंडळाकडे गेला. तो कायदा बदलण्याचा राज्यसरकारचा निर्णय फेब्रुवारी 2024 मध्यें जाहीर होतांच तत्रस्थ शिखांनीं निषेध केला, व निर्णय स्थगित झाला. परमुलखीं आलेल्या शिपायांचे वंशज तेथें स्थानिक या नात्यानेंच आपला हक्क सांगत होते.