हॉस्पिटल जवळ, तरी बाळ का दगावतं?

आजचा विषय जड आहे, पण बोलायलाच हवा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये बाळं पोटातच किंवा जन्मल्यावर महिन्याभरात का दगावतात?

आपल्याला वाटतं, हा प्रश्न खेड्यापाड्यांचा. शहरात काय, रिक्षा पकडली की हॉस्पिटल! मग अडतं कुठे?

2012 साली मुंबईच्या वस्त्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याची पद्धत होती 'व्हर्बल ऑटोप्सी'. म्हणजे चिरफाड नाही. घरच्यांशी बसून, काय घडलं आणि कधी घडलं, ते क्रमाने विचारायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर पडला की लॉग उघडतो, तसंच. फक्त इथे लॉग म्हणजे एका आईची आठवण असते.

त्यात 105 बाळं मृतच जन्मलेली होती. त्यातली 65 अगदी प्रसूतीच्या सुमारास गेलेली. म्हणजे कळा सुरू होईपर्यंत बहुधा जिवंत होती. जन्मून दगावलेली 116, त्यातली 87 पहिल्याच आठवड्यात. मुख्य कारणं तीन: जन्मताना गुदमरणं, दिवस भरण्याआधी जन्म आणि जंतुसंसर्ग.

पण हे झालं डॉक्टरी कारण. त्यामागे असतो उशीर. थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी 1994 मध्ये मातामृत्यूंसाठी त्याचे तीन टप्पे मांडले होते, ते इथेही लागू पडतात.

पहिला, निर्णयाचा. पाणी गेलंय, पण नवरा कामावर, हातात पैसे नाहीत. "सकाळपर्यंत बघू."

दुसरा, पोहोचण्याचा. अरुंद गल्लीत गाडी येत नाही.

तिसरा, पोहोचल्यानंतरचा. छोट्या प्रसूतिगृहात सिझेरियनची किंवा नाजूक बाळाला सांभाळायची सोय नसते. मग "मोठ्या हॉस्पिटलला न्या". तिथे खाट नसेल, तर पुन्हा पुढे.

आता गंमत नाही, पण लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी, की या अभ्यासात एकूण तिसरा उशीर सगळ्यात जास्त दिसला. म्हणजे शहरात अंतर हा मोठा अडसर नाहीच. अडतं ते घराच्या दाराच्या आत आणि हॉस्पिटलच्या दाराच्या आत.

म्हणून "तिनेच काळजी घेतली नाही" हे वाक्य आधी बंद करूया. ती वेळेत पोहोचली, तरी पुढचे तास तिच्या हातात नसतात. ते सुधारायचे तर प्रसूतिगृहाने आधी फोन करून खाट पक्की करावी, चिठ्ठीवर सगळं लिहावं आणि गाडी द्यावी.

आणि आपल्या हातात काय? बाळाची हालचाल मंदावली, रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं प्रचंड दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट बघू नका. जन्मलेलं बाळ दूध ओढत नसेल, गार पडलं असेल किंवा धापा टाकत असेल, तरीही तेच. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे. कुठल्या हॉस्पिटलला जायचं आणि सोबत कोण येणार, हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवा.

हा भाग घरात गरोदर बाई असलेल्या एका तरी माणसाला ऐकवा. भेटूया पुढच्या भागात.